पेन्यारोल: रेल्वे वर्कशॉपमधून निघालेला क्लब

इटलीतल्या पिनेरोलो गावचा एक माणूस अठराव्या शतकात उरुग्वेच्या राजधानीजवळ, मॉन्टेव्हिडिओजवळ, येऊन स्थायिक झाला. लोकांच्या तोंडी पिनेरोलोचं पेन्यारोल झालं आणि वस्तीलाही तेच नाव पडलं. पुढे ब्रिटिश मालकीच्या सेंट्रल उरुग्वे रेल्वेने तिथे आपलं वर्कशॉप उभारलं. २८ सप्टेंबर १८९१ रोजी या कंपनीच्या लोकांनी एक क्लब काढला आणि त्याचं नाव ठेवलं सेंट्रल उरुग्वे रेल्वे क्रिकेट क्लब. पहिल्या ११८ सभासदांत ७२ ब्रिटिश, ४५ उरुग्वेयन आणि एक जर्मन होता. जर्सीसाठी रेल्वेचेच पिवळा आणि काळा हे रंग घेतले.

साहेबांनी क्रिकेटसाठी काढलेल्या या क्लबात फुटबॉलने लवकरच जोर धरला. १९०० साली उरुग्वेची पहिली लीग झाली आणि ती याच संघाने जिंकली. वर्कशॉपच्या पोरांना फुटबॉलची गोडी लागली, तसे स्थानिक खेळाडू वाढत गेले. पाठीराख्यांना ‘कार्बोनेरो’, म्हणजे कोळसेवाले, म्हणतात ते याच रेल्वेमुळे.

कंपनीला मात्र हा व्याप नकोसा होऊ लागला. सामन्यांपायी कामावर खाडे व्हायचे, आणि चिडलेल्या प्रेक्षकांनी डब्यांची मोडतोड केली की भुर्दंड कंपनीलाच पडायचा. अखेर १९१३च्या शेवटी फुटबॉल विभाग कंपनीपासून वेगळा झाला आणि वस्तीचं नाव घेऊन ‘पेन्यारोल’ म्हणून उभा राहिला. याच घटनेवरून उरुग्वेत आजही वाद पेटतो. कट्टर प्रतिस्पर्धी नासिओनाल १८९९ सालचा. त्यांचं म्हणणं असं, की पेन्यारोल हा १९१३ सालचा नवा क्लब, म्हणून थोरलेपणाचा मान आमचा. कंपनीचा जुना क्लब त्यानंतरही काही काळ चालू होता, हा त्यांचा मुद्दा कागदोपत्री बिनतोड वाटतो. पण खेळाडू तेच, जर्सी तीच आणि शनिवार-रविवारी मैदानावर जमणारी माणसंही तीच होती. माझ्या मते क्लब त्या माणसांबरोबर चालत आला.

१९१६ साली दक्षिण अमेरिकेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिथला पहिला गोल पेन्यारोलच्या होसे पियेन्दिबेनेचा आणि सर्वाधिक गोल पेन्यारोलच्याच इसाबेलिनो ग्रादिनचे. ग्रादिन कृष्णवर्णीय होता. उरुग्वेने आफ्रिकन खेळाडू उतरवले, अशी तक्रार हरलेल्या चिलीने केली होती. त्या काळात गुलामांच्या वंशातला मुलगा देशाच्या संघात खेळतो, ही मला अनेक चषकांहून मोठी गोष्ट वाटते.

१९५०च्या विश्वचषकात रिओतल्या माराकाना स्टेडियमवर ब्राझीलला २-१ हरवणाऱ्या संघाचा कणाही पेन्यारोलचाच होता. गोलरक्षक मास्पोली, कर्णधार ओब्दुलियो व्हारेला, मिगेस, आणि दोन्ही गोल करणारे स्कियाफिनो व घिगिया, सगळे याच क्लबचे.

१९६० साली कोपा लिबर्तादोरेस ही दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची स्पर्धा सुरू झाली. पहिल्या दोन्ही वर्षी विजेता पेन्यारोल. इक्वेडोरहून आलेल्या आल्बेर्तो स्पेन्सरने या स्पर्धेत एकूण ५४ गोल केले. हा विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. १९६१च्या आंतरखंडीय चषकात, म्हणजे युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्या क्लबांमधल्या लढतीत, लिस्बनला बेनफिकाकडून १-० हरल्यावर मॉन्टेव्हिडिओत त्यांनी ५-० असा हिशेब चुकता केला आणि निर्णायक सामना २-१ जिंकला.

१९६६च्या लिबर्तादोरेसचा निर्णायक सामना तर आजही सांगितला जातो. सान्तियागोत अर्जेंटिनाचा रिव्हर प्लेट मध्यंतराला २-० पुढे होता. पेन्यारोलचा प्रशिक्षक तोच माराकानाचा मास्पोली. दुसऱ्या सत्रात त्याच्या संघाने बरोबरी साधली आणि जादा वेळेत स्पेन्सर व रोचाच्या गोलांनी सामना ४-२ नेला. त्या पराभवानंतर रिव्हरला ‘कोंबड्या’, म्हणजे भित्रे, हे नाव चिकटलं, ते कायमचं. त्याच वर्षी आंतरखंडीय चषकात रेआल माद्रिदलाही दोन्ही लढतींत २-० असं हरवलं.

१९८२ साली फर्नांदो मोरेनाच्या अगदी शेवटच्या गोलने चिलीच्या कोब्रेलोआला हरवून चौथं लिबर्तादोरेस आलं. टोकियोत इंग्लंडच्या ॲस्टन व्हिलाला २-० हरवून तिसरा आंतरखंडीय चषकही आला.

पाचवं १९८७चं. प्रतिस्पर्धी कोलंबियाचा आमेरिका दे काली, पेन्यारोलचा प्रशिक्षक ओस्कार ताबारेस. निर्णायक सामना बरोबरीत सुटला असता तर गोलफरकावर चषक कालीला जाणार होता. जादा वेळही संपत आली होती. १२०व्या मिनिटाला दिएगो आगिर्रेने डाव्या पायाने चेंडू जाळ्यात घातला. हाच आगिर्रे २०११ साली प्रशिक्षक म्हणून संघाला पुन्हा अंतिम फेरीत घेऊन गेला, पण तेव्हा नेमारचा ब्राझिलियन क्लब सान्तोस भारी पडला. सहावं लिबर्तादोरेस अजून आलेलं नाही. २०१६ साली क्लबने चाळीस हजार प्रेक्षकांचं स्वतःचं स्टेडियम मात्र बांधलं.

आगिर्रेचा तो गोल ३१ ऑक्टोबर १९८७चा. दोन महिन्यांनी, जानेवारी १९८८मध्ये, उरुग्वे सरकारने देशातल्या प्रवासी रेल्वेगाड्या बंद केल्या.