कोड ब्लॉक झाला म्हणजे रंग बरोबर येतात असं नाही

"कोडचे रंग चुकलेत, जरा फॉरमॅट कर" असं सांगितलं की लोक साइटवर टाकलेला अख्खा कोड सिलेक्ट करून पुन्हा चार स्पेस आत ढकलतात आणि रंग जसेच्या तसे राहतात, मग म्हणतात साइटच बिघडलीय. अरे, ब्लॉक करणं वेगळं आणि त्यातली प्रोग्रॅमिंगची भाषा सांगणं वेगळं!

ब्लॉक सगळ्यांनाच येतो. चार स्पेस द्या नाहीतर वर-खाली तीन-तीन बॅकटिक (`) टाका, अक्षरं एका रुंदीची होतात, इंडेंटेशन म्हणजे ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागा टिकते. विषय संपला.

रंगांचं तसं नाही. भाषा सांगितली नाही तर काही ठिकाणी हायलायटर, म्हणजे कोडला रंग देणारा प्रोग्रॅम, अंदाज बांधतो. हायलाइट डॉट जेएस ही असलीच एक लायब्ररी, ती तुमचा कोड एकेका भाषेच्या नियमांनी वाचून बघते, गुण देते आणि सर्वात जास्त गुण मिळाले ती भाषा ठरवते. आता तुम्ही चारच ओळी टाकल्या तर ती गुण देणार तरी कशावरून? गिटहब ही कोड ठेवायची साइट मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी मजकूर फॉरमॅट करायची पद्धत) असा अंदाज करतच नाही, भाषेचं लेबल नाही तर सगळा कोड एकाच रंगात, म्हणून तोच मजकूर एकीकडे साधा दिसतो आणि दुसरीकडे भलताच रंगतो.

एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेचं बघा. दोन डॅश टाकून इंग्रजीत कॉमेंट (कोडमधली न चालणारी टीप) लिहिली, त्यात 'डोन्ट' आला, म्हणजे अपॉस्ट्रफी आली. हायलायटरला भाषा माहीत असेल तर ती ओळ कॉमेंट म्हणून सोडून देतो, पण त्याने दुसरी कुठली भाषा धरली तर त्या अपॉस्ट्रफीपासून स्ट्रिंग (अवतरणचिन्हांतला मजकूर) सुरू झाली असं समजून पुढचा कोडही त्याच रंगात बुडवू शकतो. (मराठीत कॉमेंट लिहिणाऱ्यांना हा त्रास सहसा होत नाही, आपल्याकडे अपॉस्ट्रफी लागतेच कुठे.)

यावर काही जण जो उपाय करतात त्याने माझं डोकं फिरतं, कॉमेंटच्या शेवटी अजून एक अपॉस्ट्रफी चिकटवतात, म्हणजे रंग जुळतात. रंगासाठी कोडला हात लावायचा नाही! हायलायटर कोड फक्त वाचतो, आणि पुढचा माणूस तुमचा कोड कॉपी करून चालवणार असतो.

खरा उपाय एका शब्दाचा आहे. वरच्या बॅकटिकला लागून भाषेचं नाव लिहा, खालच्याला नाही. नाव एका शब्दात, कारण सहसा पहिलाच शब्द घेतला जातो. चार स्पेसवाल्या ब्लॉकला हे नाव लिहायला जागाच नसते, 2004 सालच्या मूळ मार्कडाउनमध्ये तेवढीच पद्धत होती, बॅकटिक नंतर आले. म्हणून मी चार स्पेस कधीच वापरत नाही, तुम्हीही सोडा.

लेबल बरोबर आहे आणि तरी अर्धा कोड स्ट्रिंगच्या रंगात दिसतोय? मग आधी कोड तपासा, बऱ्याचदा कुठेतरी अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलेलं असतं.

आणि एरर मेसेज किंवा लॉग म्हणजे कोड नाही, त्याला टेक्स्ट असंच लेबल द्या. टर्मिनलमधून रूटच्या (मुख्य अ‍ॅडमिन खात्याच्या) # प्रॉम्प्टसकट उचललेल्या कमांडला बॅश (टर्मिनलच्या कमांडची भाषा) असं लेबल दिलं की ती अख्खी ओळ कॉमेंट समजून करडी होते आणि नेमकी चालवायची कमांडच वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटते.