पेटी आली, किल्ली कुणाकडे?

अटल टिंकरिंग लॅब म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायची शाळेतली प्रयोगशाळा. तिच्यासाठी निवडलेल्या शाळेला केंद्र सरकारकडून २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. १० लाख उभारणीला, १० लाख पुढच्या खर्चाला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनमधून अशा सुमारे १०,००० लॅब झाल्या. २०२५च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी ५०,००० जाहीर झाल्या. पण शाळेत सरकारी खर्चाने विज्ञान येण्याची ही काही पहिली खेप नव्हे.

दहावीपर्यंत विज्ञान-गणित सगळ्यांनाच हवं, असं कोठारी शिक्षण आयोगाने १९६६ मध्येच सांगितलं होतं. १९८४ मध्ये ‘क्लास’ प्रकल्पातून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेत प्राथमिक शाळांना साहित्य मिळालं, त्यात विज्ञानपेटीही होती. आमच्या शाळेतली पेटी कायम कुलपात. भिंग फुटलं तर भरून कोण देणार, ही गुरुजींची धास्ती, आणि ती अगदीच खोटी नव्हती.

या धास्तीवर उपाय सापडला होता तो मध्य प्रदेशात, होशंगाबाद जिल्ह्यात. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १९७२ मध्ये १६ सरकारी माध्यमिक शाळांत (म्हणजे सहावी ते आठवीत) प्रयोगातून विज्ञान सुरू केलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ गावात येऊन शिक्षकांबरोबर बसत. मुलं टोळ्या करून प्रयोग करत, परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा असे. मुलांच्या पत्रांना ‘सवालीराम’ नावाचं काल्पनिक पात्र उत्तरं देई! महत्त्वाचं म्हणजे साहित्य स्वस्त, मोडलं तरी चालेल असं. आणि शिक्षकांची प्रशिक्षणं, मासिक बैठका हा कार्यक्रमाचाच भाग. १९७८ मध्ये तो जिल्हाभर गेला, १९८२ मध्ये त्यासाठी ‘एकलव्य’ संस्था उभी राहिली. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला.

मुंबईत १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं, त्याचं सुरुवातीचं काम जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरात झालं. पुण्यात ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञानकेंद्रात अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या वॉल्व्हट्यूबची खेळणी केली. त्या काड्यांची सुरुवातही होशंगाबादचीच.

अटल लॅब सहावीपासून पुढच्या मुलांसाठी आहे. आपल्याकडे तिसरीत ‘परिसर अभ्यास’ सुरू होतो. तिसरी ते पाचवीच्या त्या तीन वर्षांसाठी या २० लाखांत काही नाही.