माळवदी घराचा लाकडी सांगाडा (सोलापूर परिसर)

लाकडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर मातीचे सपाट छप्पर घातलेल्या घरास माळवदी घर किंवा धाब्याचे घर म्हणतात. त्या छपरालाही माळवद असेच नाव आहे. सोलापूरच्या जुन्या पेठांत आणि बार्शी, करमाळा, मंगळवेढा, अक्कलकोट या तालुक्यांतील खेड्यांत ही घरे अजून आढळतात. जिल्ह्यात पाऊस बेताचा, वर्षाकाठी साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. त्यामुळे कोकणातील घरासारखे आढे, वासे आणि कौले यांचे उतरते छप्पर घालण्याऐवजी येथे मातीचा जाड थर पसंत केला गेला. त्याने दुपारचे ऊन अडते आणि उन्हाळ्याच्या रात्री अंथरूण टाकायलाही जागा मिळते.

अशा घराचे मोजमाप खणात सांगतात. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे खण. त्याची रुंदी मिळणाऱ्या कडीच्या, म्हणजे तुळयांवर आडव्या टाकायच्या लाकडाच्या, लांबीवर ठरते, म्हणून तीनखणी किंवा पाचखणी घर म्हटले की जाणत्याला घराचा आवाका आणि लागणारे लाकूड यांचा एकदमच अंदाज येतो. ऐपतदार घरात सागवान वापरत; सामान्य शेतकऱ्याच्या घरात बांधावरची बाभूळ आणि कडुनिंब यांवरच काम भागे.

सांगाड्याचे भाग भार ज्या वाटेने खाली उतरतो त्या क्रमाने पाहिले म्हणजे नीट समजतात. सर्वांत वर पांढरी माती असते. ही चिकण माती ओली झाली की फुगून घट्ट बसते आणि पाणी आत मुरू देत नाही. पावसाळ्यापूर्वी तिचा नवा थर देऊन चोपणी करतात आणि पाणी पन्हाळीकडे वाहील एवढा उतार ठेवतात. उजेड येण्यासाठी व चुलीचा धूर जाण्यासाठी माळवदात ठेवलेल्या झरोक्यास साणे म्हणतात. मातीखाली पाल्याचा थर आणि त्याखाली किलचण, म्हणजे कड्यांवर आडव्या दाटून बसवलेल्या लाकडाच्या चिपा असतात. किलचणीच्या जागी फळ्या ठोकल्या तर ते काम कडीपाटाचे होते. कड्या तुळयांवर टेकतात आणि तुळया खांबांवर. खांबाच्या माथ्यावरील आडव्या, बहुधा कोरीव तुकड्यास हस्त म्हणतात. दोन तुळयांची टोके हस्तावर एकत्र येतात, त्यामुळे त्याचे काम शोभेपुरते मुळीच नसते: टेकण्याची जागा रुंद झाल्याने सांध्यावरचा ताण कमी होतो. जोडकामात खिळ्यांवर भिस्त नसे. पटाशीने भोक पाडून त्यात दुसऱ्या लाकडाचे कुसू, म्हणजे तासून बारीक केलेले टोक, बसवीत.

खांबाच्या पायाशी तळखडा, म्हणजे घडीव दगडाची बैठक असते. खांब थेट जमिनीत पुरला तर ओल आणि वाळवी त्याला बुडापासून खातात. तळखड्यामुळे बूड कोरडे राहते. भिंतीत लपलेल्या खांबांना आणि तुळईच्या टोकांना मात्र हे संरक्षण मिळत नाही. जुने घर तपासताना सुतार वाकसाच्या, म्हणजे लाकूड तासण्याच्या हत्याराच्या, तुंब्याने (बोथट मागच्या बाजूने) आधी याच जागा ठोकून पाहतो. निरोगी लाकूड खणखणीत वाजते, आतून पोकळ झालेले बद्द आवाज देते. असा खांब बदलायचा असेल तर दोन्ही बाजूंस टेकू देऊन तुळई किंचित उचलतात आणि मगच जुना खांब काढतात.

उंबरठा, चौकट, चौकटीवरील गणेशपट्टी, दार आतून बंद करणारा अडसर या संज्ञा सर्वपरिचित आहेत.

या सांगाड्याची खरी परीक्षा ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात झाली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती मोठ्या प्रमाणावर ढासळल्या. भिंतीचे आतले व बाहेरचे थर आरपार दगडांनी बांधलेले नव्हते, त्यामुळे ते फुगून वेगळे झाले आणि भिंतींवर टेकलेली छपरे माणसांवर कोसळली. ज्या घरांत माळवद खांबांनी पेलले होते, तेथे भिंती बाहेर पडूनही छप्पर लाकडावर उभे राहिल्याची उदाहरणे आढळली. तरीही अशा घरांना निर्धोक म्हणता येत नाही. दरवर्षी वाढत गेलेल्या मातीचा थर एक फूट जाड असला तरी त्याचा भार दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो होतो, आणि खांब-तुळईच्या कोनात तिरपे आधार नसतील तर सगळा सांगाडा एका बाजूस कलू शकतो. म्हणून दुरुस्तीत जुनी जादा माती उतरवणे, तिरपे आधार ठोकणे आणि भिंतीत आरपार दगड घालणे या तीन कामांना नव्या लिंपणापेक्षा अग्रक्रम द्यावा लागतो.

पुढे लाकूड महागले. लोखंडी रुळांवर शहाबादी फरशी, पत्रे आणि अखेर सिमेंटचा स्लॅब आला. पाडलेल्या घरांच्या सागवानी तुळया आणि चौकटी जुन्या लाकडाच्या वखारीत विकल्या जातात आणि चिरून पुन्हा नव्या घरांच्या दारांना लागतात.