बर्फातला पिकअप: लिफ्ट किटच्या आधीची आणि नंतरची गोष्ट

पिकअप बर्फात न्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, लिफ्ट (गाडीची बॉडी चाकांवर उंच करणारं किट) किती इंचाची टाकू? गाडी उंच दिसली की ती कुठेही जाईल असं वाटतं, आणि त्यात पूर्ण चूक आहे असंही नाही. पण मागचा इतिहास बघितला तर बर्फात पिकअपला खरं चालवलं ते टायरातून सोडलेल्या हवेने, आणि ही गोष्ट टोकाला नेली आइसलँडच्या लोकांनी.

सुरुवात मात्र अमेरिकेची. दुसऱ्या महायुद्धात जीप आणि डॉजचे फोरव्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देणारे, ट्रक सैन्याने वापरले, युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये डॉजने त्याच ट्रकवरून पॉवर वॅगन काढला, म्हणजे साध्या माणसाला विकत मिळणारा फोर बाय फोर (फोरव्हील ड्राइव्हच) पिकअप. शेवरोले आणि जीएमसीवाल्यांसाठी मिनियापोलिसची नॅपको नावाची कंपनी किट विकायची, टू व्हील ड्राइव्ह पिकअपला पुढचा ॲक्सल आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटून देणारा गिअरबॉक्स) बसवून द्यायची, आणि ते इतकं चाललं की १९५७ पासून शेवरोलेने ते किट फॅक्टरीतूनच लावून द्यायला सुरुवात केली. पण फोर बाय फोर झालं म्हणून काम भागत नाही, साधं डिफ्रन्शियल (ॲक्सलमधला, डाव्या-उजव्या चाकाला ताकद वाटणारा गिअरचा गोळा) असलं की ज्या चाकाला पकड नाही तेच गरगर फिरत बसतं, म्हणजे पुढचं एक आणि मागचं एक अशी दोन चाकं घसरली की चारही चाकांना ताकद असून गाडी जागेवर. यावर उपाय म्हणून दोन्ही चाकं एकत्र फिरवायला लावणारे लॉकर आले, त्यातला हवेच्या दाबाने बटणावर लागणारा एअर लॉकर १९८७ पासून ऑस्ट्रेलियाच्या एआरबी कंपनीने जगभर पोचवला.

हे सगळं चिखल आणि दगडांसाठी उत्तमच. भुसभुशीत खोल बर्फाची गोष्ट वेगळी, तिथे पकड मिळायला खाली जमीनच नसते, चाक खणत खणत आत जातं, गाडीचं पोट टेकतं आणि मग चारही चाकं हवेत फिरल्यासारखी फिरतात. लिफ्टने पोट चार इंच वर गेलं तर गाडी चार इंच जास्त खोल जाऊन रुतणार, एवढाच फरक.

आइसलँडमध्ये हिवाळ्यात आतला डोंगराळ भाग बंद, मध्ये वात्नायोकुल सारख्या प्रचंड हिमनद्या, आणि बचावकार्य करणारी पथकं सगळी स्वयंसेवकांची, स्वतःची गाडी घेऊन जाणारी. १९८० च्या आसपास तिथल्या मंडळींनी अमेरिकेतून चिखलाचे मोठे टायर मागवले आणि हवा सोडत सोडत बघायला लागले. वाळवंटात हवा कमी करायची युक्ती जुनीच होती (आपल्याकडेही वाळूत रुतलेल्या गाडीला हेच करतात), पण हे लोक रस्त्यावरच्या २५ ते २८ पीएसआय (टायरातल्या हवेच्या दाबाचं माप) वरून थेट तीन-चारवर, कधी दोनवर आले. इतकी हवा गेली की टायर बसतो, रुंदीला थोडा पण लांबीला खूप पसरतो, जमिनीवर लांबलचक पट्टा पडतो रणगाड्यासारखा, आणि दोन टनांची गाडी बर्फ न खणता वरून चालत जाते. १९८३ मध्ये तिथे फोर बाय फोरवाल्यांचा क्लबच निघाला, आणि प्रत्येकजण गॅरेजमध्ये काहीतरी करून बघून दुसऱ्याला सांगत होता, मला यातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते.

बाकीचे बदल मग या टायरामागून आले. इतक्या कमी हवेत टायर रिमवरून निसटतो म्हणून रुंद रिम आणि कडा पकडून ठेवणारे बीडलॉक, परत रस्त्यावर येताना हवा भरायला गाडीतच कॉम्प्रेसर, मोठ्या चाकाने इंजिन दमतं म्हणून ॲक्सलचे गिअर बदलायचे आणि हळू चालायला जास्तीचा लो गिअर. आणि मडगार्ड कापायचे! गाडी खूप उचलली तर वजन वर जातं, तिरक्या उतारावर उलटायची भीती, म्हणून त्यांनी थोडीच उचलली आणि पत्रा कापून चाकाला जागा केली, वर चाक झाकणारे रुंद फ्लेअर लावले. क्लिअरन्सचा, म्हणजे गाडीखालच्या मोकळ्या उंचीचा, हिशोबही इथेच कळतो, सस्पेन्शन लिफ्टने बॉडी वर जाते पण डिफ्रन्शियलचा गोळा तिथेच राहतो, तो वर जातो फक्त चाक मोठं केल्यावर, तेही वाढलेल्या व्यासाच्या निम्मं. ३१ इंचाचे काढून ३८ चे टाकले तर साडेतीन इंच, आणि हवा सोडली की त्यातलं थोडं परत जातं.

यासाठी सगळ्यात चालली ती टोयोटा हायलक्स, १९६८ चा साधा पिकअप, फोर बाय फोर १९७९ मध्ये आला. १९९० मध्ये आइसलँडच्या टोयोटा विक्रेत्याकडेच अशा गाड्या तयार करणारं आर्क्टिक ट्रक्स सुरू झालं, त्यांच्या एटी३८ आणि एटी४४ या नावांतले आकडे म्हणजे टायरचे इंच. नंतर या गाड्या अंटार्क्टिकात गेल्या, जिथे आधी पट्ट्यांवर चालणारी जड वाहनं लागायची, ती डिझेलही भरपूर पितात आणि हळूही जातात.

आणि इथे आपला गोव्याचा धागा येतो. वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राचे तेव्हाचे संचालक रसिक रवींद्र यांच्या नेतृत्वाखाली आठ जणांची तुकडी १३ नोव्हेंबर २०१० ला अंटार्क्टिकातल्या भारताच्या मैत्री तळावरून आर्क्टिक ट्रक्सच्या चार गाड्या घेऊन निघाली, दोन हजार किलोमीटरहून जास्त बर्फ तुडवत, वाटेत नमुने घेत, आणि २२ नोव्हेंबरला दक्षिण ध्रुवावर पोचली. भारताची ध्रुवापर्यंतची ती पहिली वैज्ञानिक मोहीम, बसक्या टायरांवर गेलेली.