ओट्याला नळाचं नवीन भोक पाडून घ्यायच्या आधी

भोक पाडायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, पण ते कुठे पाडायचं हे ठरवायला कधीकधी तासभर जातो, आणि त्या तासाचं लोकांना फार नवल वाटतं, मशीन आणलंय ना मग मारा की असं म्हणतात. पण दगडातलं भोक नंतर दोन सेंटिमीटर इकडे घ्या म्हटलं तर घेता येत नाही, बुजवलं तरी गोल ठसा दिसतोच. म्हणून आम्ही आल्या आल्या मशीन काढत नाही, आधी सिंकखालचं कपाट उघडून आत डोकं घालतो आणि टॉर्च मारतो.

वरून ओटा सगळीकडे सारखाच दिसतो, खालून नाही. खाली सिंकची वाटी असते, तिची बाहेर आलेली पट्टी, क्लिपा, कधी दगडाला टेकू दिलेली आडवी फळी, कधी चिटकवलेला प्लायवूड. नळाचा खालचा नट आणि वॉशर भोकापेक्षा बराच मोठा असतो, शिवाय पाना फिरवायला हात जायला हवा. सुरुवातीला आम्हीच एकदा वरून माप घेऊन मोकळे झालो होतो, भोक एकदम सुंदर पडलं, आणि खाली वाकून बघितलं तर सिंकची पट्टी बरोबर आडवी आलेली, नट काही बसेना. शेवटी पट्टी कापावी लागली आणि ग्राहकाचं तोंड बघवत नव्हतं. तेव्हापासून आधी खाली, मग वर.

वरच्या बाजूला दोन गोष्टी बघतो. एक म्हणजे हँडल मागे फिरतं का, फिरत असेल तर ते भिंतीच्या टाइलला आपटेल, त्यामुळे मागे जागा सोडावी लागते. दुसरं म्हणजे सिंकच्या कापलेल्या कडेपासून भोक किती लांब आहे, कारण मध्ये राहणारी दगडाची पट्टी अगदी बारीक झाली तर ती नट आवळताना नाहीतर पुढे कधीतरी तडकते. साधारण ५० मिमी दगड मध्ये राहिला तर आम्हाला झोप लागते. सिंकच्या कोपऱ्याजवळ तर आम्ही शक्यतो जातच नाही, दगडाला भेग जायची ती तिथूनच. आधीच केसासारखी भेग दिसली तर सरळ नाही म्हणतो, राग मानू नका.

आता भोकाचं माप. एका भोकात बसणाऱ्या बहुतेक मिक्सर नळाला, म्हणजे गरम-थंड पाणी एकाच तोंडातून देणाऱ्या नळाला, ३५ मिमी लागतं, फिल्टरच्या छोट्या नळाला साधारण १२ मिमी, पण नळासोबत आलेला कागद वाचल्याशिवाय आम्ही बिट लावत नाही. त्यामुळे नळ आधी आणून ठेवा, बॉक्स फेकू नका, "नळ येतोय, तुम्ही भोक तर पाडा" हे चालणार नाही. त्याच कागदावर नळ किती जाडीच्या ओट्यावर बसतो तेही असतं. दगड २० मिमी असला तरी खाली प्लायवूड मिळून जाडी वाढते आणि नळाचे आटे कमी पडतात, मग प्लायवूड खालून तेवढ्यापुरतं कोरावं लागतं.

दगडाला आम्ही डायमंड कोअर बिट, म्हणजे कडेला हिऱ्याचे कण बसवलेलं पोकळ गोल बिट वापरतो, ड्रिलचा ठोके मारणारा हॅमर बंद ठेवून, हळू स्पीडला आणि सतत पाणी घालत. बिट सुरुवातीला गुळगुळीत पॉलिशवर घसरतं म्हणून भोक पाडलेला प्लायवूडचा तुकडा वर क्लॅम्प करतो आणि त्या भोकातून बिट चालवतो. शेवटचे दोन-तीन मिलिमीटर हातावर काहीच जोर द्यायचा नाही, दाबलं तर खालून दगडाचा टवका उडतो. काही जण ग्राइंडरला बिट लावून कोरडंच मारतात, काम पटकन होतं हे खरं, पण दगड तापतो आणि घरभर धूळ होते. क्वार्ट्जचा, म्हणजे कारखान्यात बनवलेला दगड असेल तर त्यात सिलिका ९० टक्क्यांच्या वरही असू शकते, ती बारीक धूळ फुफ्फुसात बसते आणि कारागिरांना सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार होतो, ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून अशा दगडाच्या ओट्यांवर बंदीच घातली. त्यामुळे घाई असली तरी कोरडं ड्रिल आम्ही करत नाही. चिखल थोडा होईल, तो आम्हीच पुसून जातो.

स्टीलच्या सिंकचं गणित वेगळं. पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा, पण स्पीड जास्त ठेवून बिट नुसतं घासत राहिलं तर स्टील तिथेच कडक होतं आणि मग काही केल्या कापत नाही. म्हणून एकदम हळू स्पीड, कटिंग ऑइल आणि दाब एकसारखा, किंवा मग बोल्ट आवळून पत्रा कापणारा पंच, त्याने कड सगळ्यात साफ येते. स्टीलखाली दगडही येत असेल तर एका बिटने दोन्ही होत नाही, डायमंडचं बिट स्टीलमध्ये चोंदतं आणि स्टीलचं बिट दगडावर बोथट होतं. आधी पत्र्याला थोडं मोठं भोक, मग त्यातून दगडाला बरोबर मापाचं, वरची फट नळाच्या बुडाखाली झाकली जाते. धातूचा चुरा मात्र सिंकमध्ये एक कणही ठेवायचा नाही, रात्रभर ओला राहिला तर सकाळी गंजाचे ठिपके.

आम्ही यायच्या आधी सिंकखालचं कपाट पूर्ण रिकामं करा, पूर्ण म्हणजे पूर्ण, पाणी आणि दगडाची चकती दोन्ही तिथेच पडतात. पाण्याचा कॉक बंद होतो का ते एकदा फिरवून बघा, वर्षानुवर्षं हात न लावलेले कॉक बरेचदा जाम असतात. सिलिकॉन लावून झाल्यावर नळाच्या बुडाला २४ तास पाणी लागू देऊ नका. मार्बल असेल तर आंबट वास येणारं सिलिकॉन आम्ही वापरत नाही, त्याचं आम्ल दगडाला खातं.

आणि मधून निघालेली दगडाची गोल चकती आम्ही देऊन जातो, ती कचऱ्यात टाकू नका. पुढे कधी ओट्याची कड फुटली तर त्याच चकतीची पावडर एपॉक्सीत कालवून भरता येते, बाहेरून आणलेला रंग एवढा जुळत नाही.