मायनरचा चषक आणि वर्षाला दीड खेळाडू

१७ सप्टेंबर २०१७ रोजी डब्लिनच्या क्रोक पार्कवर गेलिक फुटबॉल या आयर्लंडच्या खेळाच्या ऑल-आयर्लंड स्पर्धांचे दोन अंतिम सामने झाले. आधी मायनरचा, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांचा, आणि त्यानंतर सीनियरचा. मायनरच्या सामन्यात केरी काउंटीच्या डेव्हिड क्लिफर्डने एकट्याने चार गोल आणि चार पॉइंट केले. या खेळात चेंडू जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन पॉइंट. आडव्या दांडीवरून, दोन खांबांच्या मधून गेला तर एक. म्हणजे क्लिफर्डचे सोळा झाले. समोरच्या डेरीच्या अख्ख्या संघाचे मिळून अकरा. केरीने सलग चौथ्यांदा मायनरचा चषक नेला आणि पुढच्या वर्षी पाचव्यांदाही.

त्याच दुपारच्या सीनियर सामन्यात मात्र केरी नव्हतंच. तिथे डब्लिनने मेयोला एका पॉइंटने हरवलं. २०१४ ते २०१८ मायनरचं विजेतेपद केरीकडे होतं, आणि २०१५ ते २०२० अशी सलग सहा वर्षं सीनियरचा सॅम मॅग्वायर चषक डब्लिनकडे. या डब्लिनला १९८४ नंतर मायनर जिंकता आलं ते फक्त एकदा, २०१२ साली.

मुलांच्या संघाचं यश मोठ्यांच्या संघात उतरतं का, हा प्रश्न प्रत्येक खेळात विचारला जातो. गेलिक फुटबॉलमध्ये तो तपासायला विशेष सोयीचा आहे. इथे खेळाडू हौशी आहेत, पगार नाही आणि खेळाडूंचा बाजारही नाही. माणूस आपल्या काउंटीकडून खेळतो. त्यामुळे सीनियर संघाची कमतरता परगावचा स्टार विकत घेऊन भरून काढता येत नाही. आज जी सतरा वर्षांची मुलं आहेत, त्यांच्यातूनच उद्याचा संघ उभा करायचा असतो.

उदाहरणं शोधायला गेलं तर दोन्ही बाजूंची सापडतात. त्यातली एक जोडी मला फार बोलकी वाटते. १९९७ च्या मायनर अंतिम सामन्यात लीश काउंटीने टिरोनला हरवलं. ते लीशचं सलग दुसरं विजेतेपद. १९९८ मध्ये हेच दोन संघ पुन्हा अंतिम सामन्यात आले आणि या वेळी टिरोन जिंकलं. म्हणजे एकाच पिढीची मुलं, तोडीस तोड. टिरोनचा त्या वेळचा प्रशिक्षक मिकी हार्ट याच मुलांना घेऊन २००० आणि २००१ मध्ये एकवीस वर्षांखालची स्पर्धा जिंकला, मग सीनियर संघाचा प्रशिक्षक झाला आणि २००३ साली टिरोनला त्यांचा पहिला सॅम मॅग्वायर मिळवून दिला. २००५ आणि २००८ मध्ये पुन्हा. लीशने २००३ साली लेन्स्टर प्रांताचं अजिंक्यपद ५७ वर्षांनी परत आणलं, आणि तो त्या काउंटीसाठी खरोखर मोठा दिवस होता. पण ऑल-आयर्लंड सीनियर विजेतेपद लीशला आजवर एकदाही मिळालेलं नाही.

अशा गोष्टी सांगून कुठलीही बाजू मांडता येते. रॉसकॉमनने १९३९ आणि १९४१ ला मायनर जिंकलं आणि १९४३, १९४४ ला सीनियर, घ्या पुरावा. त्याच रॉसकॉमनने २००६ ला पुन्हा मायनर जिंकलं, पण १९४४ नंतर सीनियर चषक तिकडे फिरकलेला नाही, हाही पुरावाच. आकडे मोजायला बसलं की आणखी एक अडचण येते. केरीकडे ३९ सीनियर आणि १६ मायनर विजेतेपदं आहेत. दोन्ही आकडे मोठे, म्हणून एकामुळे दुसरा, असं म्हणता येईल का? पाऊस पडला की छत्र्या उघडतात आणि बेडूकही ओरडतात, पण छत्र्यांमुळे बेडूक ओरडत नाहीत. केरीत या खेळाची मुळं खोल आहेत, आणि दोन्ही यशं त्याच मातीतली आहेत.

माझ्या मते खरी गोम साध्या हिशोबात आहे. मैदानावर पंधरा जण असतात. सीनियर खेळाडू सरासरी दहा वर्षं टिकतो असं धरलं, तर संघाला दरवर्षी नवे खेळाडू लागतात दीड! राखीव धरले तरी दोन-तीन. मायनरचा संघ मात्र जेमतेम दोन-तीन जन्मवर्षांतून निवडला जातो. तिथे चषक जिंकायला एकाच वयाची दहा-बारा चांगली मुलं एकदम हवीत. सीनियरला तशी लाट लागत नाही. दरवर्षी येणारी बारीक धार पुरते. एखाद्या काउंटीला दरवर्षी दोनच अव्वल मुलं मिळाली तर ती मायनरमध्ये बहुधा हरत राहील, आणि तरी दहा वर्षांत तिच्याकडे वीस अव्वल माणसं जमलेली असतील. उलट, एकदाच आलेली मोठी लाट पुढे-मागे काही नसेल तर वाळूत जिरते. टिरोनच्या मुलांना वर चढल्यावर पीटर कॅनव्हानसारखा मुरलेला खेळाडू तिथे आधीच उभा असलेला मिळाला. २००३ चा कर्णधार तोच होता.

दुसरी गोष्ट शरीराची. मुलग्यांची उंची सर्वांत वेगाने वाढते ती साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास, पण कुणाची बाराव्या वर्षी तर कुणाची सोळाव्या. तेरा-चौदाच्या मुलांच्या रांगेत एक जण जवळपास पुरुष दिसतो आणि शेजारचा अजून पोरगेला असतो. जन्मसाल मात्र एकच. त्यात १ जानेवारीची वयमर्यादा. जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरमध्ये जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा, तरी दोघं एकाच गटात. निवड होते मोठ्या दिसणाऱ्याची. मग चांगलं प्रशिक्षण त्याला, सामने त्याला, आत्मविश्वासही त्यालाच. कॅनडातल्या आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखांमध्ये रॉजर बार्न्सली यांनी १९८० च्या दशकात हा कल दाखवला, आणि त्यानंतर तो अनेक खेळांत आढळला. चोविसाव्या वर्षी हा अकरा महिन्यांचा फरक विरून गेलेला असतो. लवकर वाढलेल्या मुलांच्या जोरावर जिंकलेला चषक म्हणजे काही अंशी उसनी घेतलेली आघाडी असते.

क्लिफर्डचा जन्म २२ जानेवारी १९९९ चा. २०१७ च्या स्पर्धेत पात्र असलेल्यांत तो वयाने अगदी वरच्या टोकाला होता. पण एवढ्यावरून त्याला या खात्यात टाकणं अन्याय होईल. २०२२ च्या सीनियर अंतिम सामन्यात त्याने आठ पॉइंट केले आणि केरी जिंकलं. २०२५ लाही केरीच जिंकलं. जन्मतारीख निवड होण्याची शक्यता वाढवते, त्याचा तो तरबेज डावा पाय घडवत नाही. आणि पाहा, सलग पाच मायनर चषकांनंतर केरीच्या पदरात पुढच्या सात वर्षांत दोन सीनियर चषक पडले. कमी नाहीत, पण पाचाचे पाचही झाले नाहीत.

जर्मन क्रीडाशास्त्रज्ञ आर्ने ग्युलिख आणि सहकाऱ्यांनी २०२३ साली अनेक खेळांमधली आकडेवारी एकत्र करून हेच मोठ्या पटावर दाखवलं. सतरा-अठराव्या वर्षी आंतरराष्ट्रीय पातळीवर पोचलेल्यांपैकी सुमारे ८९ टक्के खेळाडू प्रौढ गटात त्या पातळीवर पोचले नाहीत. आणि प्रौढ गटात आंतरराष्ट्रीय झालेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के जण मुलांच्या गटात तिथे नव्हते. मला दुसरा आकडा जास्त अस्वस्थ करतो. पहिल्यातल्या मुलांना निदान संधी मिळाली होती.

वय वाढेल तसा अंदाज बरा येतो का? यावा, असं तर्क सांगतो. कॉर्कने २००७ आणि २००९ ला एकवीस वर्षांखालचं विजेतेपद घेतलं आणि २०१० ला सीनियरचं. पण गॉलवे २०११ आणि २०१३ ला तेच जिंकूनही २००१ नंतर सीनियर चषकाविना आहे. आणि केरीने या गटात २००८ नंतर काहीच जिंकलेलं नाही, तरी सीनियर चार वेळा जिंकलं. २०१८ पासून मायनरची मर्यादा सतरावर आणि एकवीसची विसावर आणली गेली. परीक्षेच्या वर्षात मुलांवर येणारा ताण पाहता हे योग्यच झालं. पण मायनर आणि सीनियर यांमधलं अंतर त्यामुळे वर्षाने वाढलं. त्या काळात कुणी कॉलेजला दूर जातो, कुणाचा गुडघा जातो, कुणाला ऑस्ट्रेलियातल्या व्यावसायिक क्लबचं बोलावणं येतं.

२०१० च्या एकवीस वर्षांखालच्या अंतिम सामन्यात डब्लिन आणि डॉनिगॉल समोरासमोर होते. शेवटच्या मिनिटांत डॉनिगॉलच्या मायकल मर्फीची पेनल्टी आडव्या दांडीवर आदळली आणि डब्लिन दोन पॉइंटनी जिंकलं. डब्लिनचा प्रशिक्षक होता जिम गॅव्हिन, डॉनिगॉलचा जिम मॅकगिनेस. पुढे दोघांनीही आपापले सीनियर संघ हाती घेतले. गॅव्हिनने २०१३ साली सॅम मॅग्वायर जिंकला. मॅकगिनेसने त्याच्या एक वर्ष आधी, २०१२ मध्ये. २०१२ च्या त्या सीनियर अंतिम सामन्याच्या सुरुवातीलाच मर्फीने गोल केला आणि शेवटी कर्णधार म्हणून चषकही त्यानेच उचलला. मायनरचं ऑल-आयर्लंड विजेतेपद डॉनिगॉलला तेव्हाही मिळालेलं नव्हतं, आणि आजही मिळालेलं नाही.