अश्वगंधा : कोल्हापुरातील वापर

अश्वगंधा (विथानिया सोम्निफेरा) ही वांगी-बटाट्याच्या कुळातील, साधारण कमरेइतकी वाढणारी झुडूपवजा औषधी वनस्पती. मराठीत तिला आस्कंद, ढोरगुंज अशीही नावे आहेत. औषधात तिची मुळी वापरतात. ओल्या मुळीला घोड्याच्या अंगासारखा वास येतो, म्हणून अश्वगंधा. शास्त्रीय नावातल्या ‘सोम्निफेरा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र ‘झोप आणणारी’. एका नावात घोड्याचे बळ, दुसऱ्यात शांत झोप. आयुर्वेदाने तिला बल्य आणि रसायन म्हटले, म्हणजे ताकद देणारी आणि झिजलेले शरीर भरून काढणारी.

कोल्हापूर या तालमींच्या शहराला यातले घोड्याचे बळ आधी ओळखीचे होते. बदाम, खसखस, तूप आणि दूध यांवर पोसलेल्या पैलवानी खुराकात बळ वाढवणारी मुळी सहज सामावते, आणि अश्वगंधेचे नेहमीचे अनुपानही, म्हणजे औषध ज्याच्यासोबत घ्यायचे ते, दूधच आहे. गंगावेशीसारख्या ठिकाणी दूधकट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून पेला हातात मिळतो. चांगले दूध दाराशी असलेल्या गावात हे औषध घेणे कुणाला जड गेले नाही. आता तेच चूर्ण पाळीवर जाणारे कामगार, परीक्षेची मुले, रात्र रात्र डोळा न लागणारी माणसे ‘मन शांत होतं’ म्हणून घेतात. मुळी तीच, मागणे बदलले आहे.

घेण्याची जुनी पद्धत क्षीरपाकाची, म्हणजे औषध दूध-पाण्यात उकळून घेण्याची. शास्त्रोक्त प्रमाण एक भाग औषध, आठ भाग दूध आणि बत्तीस भाग पाणी, आणि पाणी आटून दूध उरेपर्यंत मंद आचेवर ठेवायचे. घरी एवढे पाणी कोणी घालत नाही. कपभर दुधात कपभर पाणी, त्यात लहान चमचाभर वस्त्रगाळ चूर्ण, आणि तळाला लागू नये म्हणून सतत ढवळणे. आटत आले की दुधाला किंचित पिवळसर झाक येते, मातकट कडवट वास घरभर पसरतो. खडीसाखर घालून, कोमट झाल्यावर रात्री घेतात. चूर्णाची नेहमीची मात्रा दिवसाला तीन ते सहा ग्रॅम. मूठभर घेतल्याने गुण लवकर येत नाही, पोट मात्र बिघडते.

शक्यतो चूर्णापेक्षा अख्खी मुळी आणावी. चांगली सुकी मुळी बाहेरून फिकट तपकिरी, आतून पांढरट असते आणि मोडली की कटकन तुटते. वाकणारी, काळपट किंवा भोके पडलेली घेऊ नये. डबाबंद चूर्णात भेसळ ओळखता येत नाही, मुळीत बऱ्याच अंशी येते.

ताणावरच्या उपयोगाला आधुनिक अभ्यासाचा काही आधार आहे. मुळीत विथॅनोलाइड नावाची संयुगे असतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत ६४ जणांना साठ दिवस मुळीचा अर्क, रोज दोनदा ३०० मिलिग्रॅम, किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. अर्क घेणाऱ्यांचा ताण आणि रक्तातील कॉर्टिसॉल हे संप्रेरक अधिक घटले. चाचणी छोटी होती आणि त्यात वापरलेला अर्क घरच्या चूर्णापेक्षा बराच तीव्र, हे विसरता येणार नाही. खोल नैराश्य किंवा जिवाला घोर लावणारी बेचैनी असेल तर दुधाचा पेला पुरत नाही. तिथे डॉक्टरच लागतो, आणि उशीर करू नये.

गरोदर बायांनी ती टाळावी. थायरॉइडचे विकार असलेल्यांनी, झोपेच्या, मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नये. क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत: डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली की लगेच थांबवून दवाखाना गाठावा. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी घातली. मुळी आपल्या ओळखीची म्हणून ती सगळ्यांना मानवतेच, असे नाही.

लागवडीला तिला हलकी, निचऱ्याची जमीन आणि बेताचा पाऊस लागतो. गगनबावडा, राधानगरीच्या धो-धो पावसात मुळ्या कुजतात. देशातील मोठे उत्पादन मध्य प्रदेशातील मंदसौर-नीमच भागात होते. कोरड्या माळावर, बांधाच्या कडेला मात्र ती आपसूक उगवते. कागदी पिशवीसारख्या वेष्टनात दडलेले तिचे तांबडे फळ पोपटीसारखे दिसते आणि मुले चुकून तोंडात टाकतात. ते खाण्याचे फळ नव्हे.